महोत्सव कुणाचा? घराचा की गावाचा?

जून उजाडला की आपल्या फेसबुकवर इटलीचा पाऊस सुरू होतो. दगडी चौक, मागे जुनं कॅथेड्रल, पायऱ्यांवर बसलेले लोक, कुठूनतरी व्हायोलिनचा सूर, आणि खाली ठरलेली ओळ: "संस्कृती जपावी तर यांनी!" यंदा त्यात एक लांबलचक पोस्ट फिरतेय, उंब्रिया प्रांतातल्या स्पोलेतो नावाच्या गावाबद्दल. मला ती चौघांनी पाठवली. "तुझ्या आवडीचा विषय आहे, वाच."

वाचली. पोस्टचा सारांश असा की एक मरणपंथाला लागलेलं गाव होतं. तिथे एक थोर संगीतकार आला. त्याने एकट्याच्या हिमतीवर संगीत महोत्सव सुरू केला आणि गाव जगाच्या नकाशावर आलं. तात्पर्य: आपल्या गावालाही असाच एक वेडा माणूस हवा.

खाली शंभरेक बदाम आणि "अगदी खरं", "आपल्याकडे असं कधी होणार" वगैरे.

मला राग आला, तो का ते सांगतो. पोस्टमधली माहिती खोटी नाही, अर्धी आहे. आणि जी अर्धी गाळली आहे तीच आपल्या उपयोगाची आहे. वेड्या माणसांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. वाण आहे ती वेड्या माणसाच्या माघारी काय करायचं हे आधी लिहून ठेवणाऱ्या शहाण्या माणसांची. स्पोलेतोनेही हे वेळेत लिहून ठेवलं नव्हतं, आणि त्याची किंमत मोजली. ही गोष्ट पुढे पाठवायची असेल तर पूर्ण पाठवा.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पोलेतो रोमच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव. लोकवस्ती चाळीस हजारांच्या आत, म्हणजे जवळजवळ आपल्या वाईएवढी. तिथे दर उन्हाळ्यात, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, 'फेस्तिवाल देई दुए मोंदी' भरतो. अर्थ: दोन जगांचा महोत्सव. दोन जगं म्हणजे युरोप आणि अमेरिका. संगीत, ऑपेरा, नृत्य, नाटक असं सगळं त्यात असतं. सुरू केला जान कार्लो मेनोत्तीने, १९५८ साली. मेनोत्ती जन्माने इटालियन, पण सतराव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथेच नावारूपाला आला. पुलित्झर पारितोषिक दोनदा मिळालेला हा ऑपेराकार. टीव्हीसाठी खास लिहिलेला अमेरिकेतला पहिला ऑपेरा त्याचाच, १९५१ सालचा. म्हणजे माणूस मोठा, यात वादच नाही.

आता गाळलेला भाग. "मरणपंथाला लागलेलं गाव" असं लिहिलं की डोळ्यापुढे ओसाड माळ येतो. स्पोलेतो ओसाड नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं रोमन नाट्यगृह तिथे आहे. कॅथेड्रलच्या आत फिलिप्पो लिप्पी या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. तो १४६९ साली याच गावात वारला आणि इथेच पुरला गेला. एवढ्याशा गावात दोन जुनी नाट्यगृहं आहेत, काइओ मेलिस्सो आणि तेआत्रो नुओवो. आणि मेनोत्ती यायच्या अकरा वर्षं आधी, १९४७ साली, अद्रियानो बेल्ली नावाच्या गृहस्थाने तरुण ऑपेरा गायकांसाठी स्पर्धा आणि रंगमंच उभा करणारी संस्था इथेच सुरू केली होती. फ्रांको कोरेल्ली हा गेल्या शतकातला केवढा मोठा टेनर! तो १९५१ साली इथली स्पर्धा जिंकला आणि रंगमंचावर पहिल्यांदा इथेच उभा राहिला. तेव्हा मेनोत्तीचा इथे पत्ताही नव्हता.

मग मेनोत्तीने हेच गाव का निवडलं? कारण त्याला रोमजवळचं, स्वस्त, छोटं आणि तयार नाट्यगृहं असलेलं गाव हवं होतं. तसं ते मिळालं. गावाने त्याला जे दिलं ते दोन हजार वर्षांचं साठवलेलं होतं. चौक, पायऱ्या, थिएटरं, गाणं ऐकायची सवय असलेले कान, हे काही कुणी सुटकेसमध्ये घालून आणत नाही.

आणि गावाची गरज काय होती तेही ऐका. शेजारीच मोर्न्यानो इथे लिग्नाइटच्या खाणी होत्या. आसपासच्या कितीतरी घरांचं पोट त्यावर. २२ मार्च १९५५ रोजी त्या खाणीत स्फोट झाला आणि २३ कामगार मेले. पुढे काही वर्षांत खाणकाम थांबलंच. म्हणजे महोत्सव सुरू झाला तेव्हा गाव नुसतं 'सुंदर' नव्हतं, सुतकातून उठलेलं आणि रोजगाराच्या चिंतेत असलेलं होतं. गावावर पहारा दिल्यासारखा उभा असलेला तो चौदाव्या शतकातला किल्ला, रोक्का, ज्याचे फोटो तुम्ही आज टाकता, तो तेव्हा तुरुंग होता. १९८२ पर्यंत तुरुंगच होता. खाली चौकात ऑर्केस्ट्रा आणि वर कोठडीत कैदी, अशी या महोत्सवाची पहिली चोवीस-पंचवीस वर्षं गेली. रीलमध्ये हे येत नाही.

हे सांगून मेनोत्तीला लहान करायचं नाही मला. त्याचं देणं त्याला चोख दिलं पाहिजे. ५ जून १९५८ रोजी पहिला महोत्सव उघडला तो व्हेर्दीच्या 'मॅकबेथ'ने. दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्ती, संगीत संचालनाला अठ्ठावीस वर्षांचा अमेरिकन पोरगा थॉमस शिपर्स. त्याच वर्षी जेरोम रॉबिन्स आपली नवीकोरी नृत्यमंडळी घेऊन आला. कोपऱ्यातल्या एका गावात, पहिल्याच वर्षी! १९६२ साली जोव्हान्नी कारान्देन्ते या कलासमीक्षकाने महोत्सवातच गावभर शिल्पं मांडली. शंभराहून जास्त. दालनात नव्हे, रस्त्यावर, बोळाच्या तोंडाशी, चौकात. भाजी घेऊन घरी जाणाऱ्या बाईला वाटेत हेन्री मूर लागत होता. दुपारी बारा वाजता छोट्या थिएटरात चेंबर संगीताच्या बैठकी सुरू झाल्या आणि त्यातून कितीतरी तरुण वादक पुढे आले. हे सगळं मेनोत्तीच्या ओळखी, त्याचा हट्ट, त्याची लोकांना कामाला लावायची हातोटी यांतूनच झालं. स्पोलेतोत त्याला मान होता, त्याचं घर कॅथेड्रलच्या चौकातच होतं, आणि तो मान त्याने कमावलेला होता.

अडचण मानाची नसते. मानाचं रूपांतर मालकीत कधी झालं हे कुणाच्या लक्षात येत नाही, अडचण ती असते.

आता या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. महोत्सवाच्या नावात दोन जगं आहेत ना? मग दुसऱ्या जगातही महोत्सव हवा, म्हणून १९७७ साली मेनोत्तीने अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात 'स्पोलेतो फेस्टिव्हल यूएसए' सुरू केला. तेही जुनं, ऐतिहासिक शहर. माणूस तोच, कल्पना तीच, नावसुद्धा तेच. फरक एकच. चार्ल्सटनला महोत्सव चालवणारं स्वतंत्र संचालक मंडळ होतं, आणि त्याच्या पाठीशी शहर होतं.

नव्वदच्या सुमाराला तिथे खटके उडू लागले. कार्यक्रम कुणी ठरवायचे, कारभार कुणी बघायचा, असले सनातन वाद. १९९१ साली शहरभर समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन मांडलं गेलं, त्याला मेनोत्तीचा कडाडून विरोध. गंमत बघा, १९६२ साली ज्याच्या महोत्सवाने गावभर आधुनिक शिल्पं उभी केली, तोच माणूस तीस वर्षांनी तशाच गोष्टीला नाही म्हणत होता. यात त्याला दोष देण्यासारखं फार काही नाही. माणूस म्हातारा होतो, आवडी गोठतात, आपण केलं तेवढंच नवं आणि पुढच्यांचं ते सगळं खूळ वाटायला लागतं. तुमचं-माझंही तेच होणार आहे. म्हणून तर एका माणसाच्या आवडीवर संस्था ठेवायची नसते.

अखेर १९९३ साली मेनोत्ती चार्ल्सटन सोडून गेला. सगळे म्हणाले, आता संपलं. पुढची एक-दोन वर्षं जड गेलीही. पण महोत्सव बंद पडला नाही. मंडळ होतं, शहर होतं, नवी माणसं नेमता येत होती. आजही तो दर वर्षी मे-जूनमध्ये भरतो. संस्थापक गेला आणि संस्था राहिली.

आता मूळ गावात काय झालं? तिथे मेनोत्तीला 'नाही' म्हणणारं मंडळ नव्हतं. महोत्सव म्हणजे मेनोत्ती, हे समीकरण चाळीस वर्षं सगळ्यांना सोयीचं होतं. नगरपालिकेला सोयीचं, कारण डोक्याला ताप नाही. प्रायोजकांना सोयीचं, कारण एकाच माणसाशी बोललं की झालं. मग १९९९ साली सूत्रं गेली फ्रान्सिस मेनोत्तीकडे. हा त्याचा दत्तक मुलगा. फ्रान्सिस मेनोत्ती माणूस म्हणून कसा, त्याने काम कसं केलं, यावर मी निकाल देणार नाही. तो माझा मुद्दाच नाही. मुद्दा हा आहे की त्याला कुणी निवडलं? कुठल्या अर्जांतून? किती मुदतीसाठी? काम जमलं नाही तर बाजूला करायची सोय कोणती होती? या चार प्रश्नांचं उत्तर "तो मुलगा आहे" एवढंच असेल, तर तो मुलगा कितीही गुणी असला तरी व्यवस्था वाईटच.

पुढची वर्षं गाव विरुद्ध घर अशी गेली. गाव म्हणतंय महोत्सव आमचा, घर म्हणतंय आमचा. १ फेब्रुवारी २००७ रोजी जान कार्लो मेनोत्ती वारला, वय ९५. त्याच उन्हाळ्यात महोत्सवाची पन्नासावी खेप होती. जे वर्ष सोहळ्याचं व्हायचं ते तंट्याचं झालं. अखेर त्या वर्षाच्या शेवटी इटलीच्या संस्कृती मंत्रालयाला मध्ये पडावं लागलं. मंत्री फ्रान्चेस्को रुतेल्ली यांनी नवा कलासंचालक नेमला, जोर्जो फेर्रारा. २००८ पासून महोत्सव नव्या माणसाच्या हाती, नव्या पायावर उभा राहिला. इतकंच नाही, इतकी वर्षं तुटलेलं चार्ल्सटनशी नातंही त्यानंतर पुन्हा जोडलं गेलं.

म्हणजे काय झालं ते नीट बघा. एकाच माणसाने लावलेली दोन झाडं. एकाला कुंपण आणि माळी आधीपासून होते, ते मालक निघून गेल्यावरही वाढलं. दुसऱ्याला नव्हते. ते वाचवायला राजधानीहून मंत्री यावा लागला. आणि व्हायरल पोस्टमध्ये या सगळ्याला जागा किती? शून्य ओळी. कारण "एका वेड्या माणसाची गोष्ट" म्हणून ते विकलं जात नाही.

आता आक्षेप. मला माहीत आहे कुठले येणार, म्हणून आधीच उत्तरं देतो.

पहिला: "ज्याने घाम गाळला त्याचा हक्क नाही का?" आहे ना. मानाचा आहे, नावाचा आहे, पहिल्या रांगेतल्या खुर्चीचा आहे. स्पोलेतोने तो दिलाही आहे. तेआत्रो नुओवोला आज मेनोत्तीचंच नाव आहे. चौकातलं त्याचं घर आज लोक संग्रहालय म्हणून बघायला जातात. पण घाम एकट्याने गाळला का, हा प्रश्नही विचारा. कर भरणाऱ्यांनी पैसा दिला. गावातल्या लोकांनी खोल्या दिल्या, रस्ते अडवून घेतले, रात्री उशिरापर्यंतचा गोंगाट सोसला. सुतारांनी मंच ठोकले, शिंपिणींनी पोशाख शिवले. त्यांच्या मुलांना काय वारशात मिळालं? कुणी विचारतं का?

दुसरा आक्षेप, आणि हा आपल्या संगीतवाल्यांचा लाडका: "कलेत घराणं असतंच, बापाकडून मुलाकडे जायचंच." बरोबर. पण घराण्यात काय जातं? गायकी जाते. आवाजाचा लगाव, बंदिशी, रागाकडे बघायची नजर हे सगळं जातं. आणि तेही नुसतं आडनावाने जात नाही, वीस वर्षं तंबोऱ्यापुढे बसावं लागतं. शिष्य पोटचा नसला तरी त्यालाच जातं, हे तर आपल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. अब्दुल करीम खाँसाहेबांकडून सवाई गंधर्वांकडे आणि त्यांच्याकडून भीमसेनजींकडे जे गेलं, ते काय रक्ताने गेलं? गायकी शिकून मिळते. विश्वस्तपद नेमणुकीने मिळतं आणि मुदतीने संपतं. या दोन गोष्टींची गल्लत करून आपण किती संस्थांची माती केली, मोजा जरा.

तिसरा: "मग काय सरकारच्या ताब्यात द्यायचं? तिथे तर वाटोळंच." हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. स्पोलेतोत आज प्रतिष्ठानचं अध्यक्षपद गावच्या महापौराकडे असतं आणि कलासंचालकाच्या नेमणुकीत रोमच्या मंत्रालयाचा शब्द चालतो. याचा धोका उघड आहे. सरकार बदललं की माणूस बदलणार, आपल्या मर्जीतला आणणार. फेर्रारा २००८ ते २०२० इतका काळ राहिला. तेरा वर्षं मलाही फारच वाटतात. पण पुढे बघा. २०२१ पासून मोनिक व्होत आल्या. २०२५ पासून दानिएले चिप्रियानी. सतरा वर्षांत तीन संचालक. कुणाला कुठला आवडला, कुठला नाही, यावर तिथे भांडणं होतात, वर्तमानपत्रं लिहितात. पण कुणीही गेलं तरी "आता महोत्सव राहणार का?" असं विचारावं लागत नाही. २०२० च्या महासाथीतसुद्धा ऑगस्टमध्ये छोटेखानी का होईना, पण महोत्सव झाला. सरकारच्या हातात वाईट माणूस येऊ शकतो, मान्य. पण तो जातोही. घराच्या हातातला वाईट माणूस जात नाही. एवढाच फरक आहे, पण केवढा आहे.

आणि हो, स्पोलेतो म्हणजे रामराज्य नव्हे. "संस्कृती जपावी तर यांनी" म्हणणाऱ्यांसाठी हेही सांगतो. चांगल्या जागेचं तिकीट तिथल्या साध्या कुटुंबाला जड जातं, ते मधल्या बोळातून आवाज ऐकतात. उन्हाळ्यात गावात पाय ठेवायला जागा नसते आणि नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सातला चौक रिकामा असतो. मी दोन्ही पाहिलं आहे. तीन आठवड्यांचा महोत्सव गावाला वर्षभर पोसत नाही. खाणीची जागा व्हायोलिन घेऊ शकत नाही, हेही खरंच. त्यांची अक्कल आपल्यापेक्षा जास्त आहे अशातला काही भाग नाही. आपला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ चा, म्हणजे स्पोलेतोपेक्षा पाच वर्षांनी थोरला. मिरजेला दर्ग्याच्या अंगणात खाँसाहेबांच्या स्मरणाची सभा कित्येक वर्षं होते आहे, उरुसाच्या गर्दीत, कुणालाही येऊन बसता येतं. ऐकायची संस्कृती आपल्याला इटलीकडून उसनी आणायची गरज नाही. उसनं आणायचंच असेल तर त्यांच्या भांडणातून निघालेलं शहाणपण आणा.

या गावातली एक वस्तू मला त्या शहाणपणाची खूण वाटते. स्पोलेतोच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच एक काळंकभिन्न लोखंडी धूड उभं आहे, सुमारे १८ मीटर उंच. गाड्या त्याच्या पायांखालून जाव्यात एवढं मोठं. अलेक्झांडर काल्डरचं 'तेओदेलापिओ', १९६२ च्या त्या शिल्पांच्या उन्हाळ्यातलं. नाव एका जुन्या सरदाराचं, स्पोलेतोच्या ड्यूकचं. काल्डरने ते गावाला देऊन टाकलं. संपला विषय. साठ वर्षांत महोत्सवावर किती वाद झाले, कोण आलं, कोण गेलं, मंत्री बदलले, पण त्या शिल्पावरून "हे कुणाचं?" असा वाद झालेला नाही. गावाचं आहे. ज्याने केलं त्याचं नाव त्याला आहे आणि मालकी गावाची आहे. दोन्ही एकत्र नांदतात.

मी हे सगळं आत्ता का लिहितोय? कारण आपल्याकडे गेल्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्याला महोत्सव निघाले आहेत. चांगलं आहे. घाटावर, वाड्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी गाणं होतंय, पोरं ऐकायला येताहेत. त्यातले बरेच एका-दोघांच्या जिवावर चाललेत. ती माणसं खरंच राबतात, पदरचे पैसे घालतात, हे मी जवळून बघतो. म्हणूनच त्यांच्यावर प्रेम असलेल्यांनी आत्ताच, ती माणसं धडधाकट आणि लोकप्रिय असताना, काही प्रश्न विचारले पाहिजेत. नंतर विचारले की ते मयताच्या घरी वाटणीचं बोलल्यासारखं होतं.

एक. महोत्सवाचं नाव कुणाच्या नावावर आहे? संस्थेच्या की व्यक्तीच्या? उद्या घरच्यांनी "नाव आमचं" म्हटलं तर तुम्ही काय दाखवणार?

दोन. ट्रस्टची घटना कुणी वाचली आहे का? अध्यक्षाची मुदत किती? 'तहहयात' हा शब्द कुठे आहे का? असेल तर तो पहिला खोडा. तहहयात या शब्दाने जेवढ्या संस्था मारल्या तेवढ्या दुष्काळानेही मारल्या नसतील.

तीन. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज जातो का? दर वर्षी हिशेब तपासून दाखल होतो का? की सगळं "दादांना माहीत आहे" यावर चाललंय? दादांना माहीत असतं ते दादांबरोबर जातं.

चार. ध्वनिमुद्रणं कुठे आहेत? इतक्या वर्षांत जे गायलं-वाजवलं गेलं ते कुणाच्या कपाटात, कुणाच्या हार्ड डिस्कवर? ते गावाला कधी ऐकायला मिळणार?

पाच. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत संस्थापकाला 'नाही' म्हणू शकेल असा निदान एक माणूस आहे का? नुसता सदस्य असून उपयोग नाही. नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षीही समितीत राहील, असा.

हे प्रश्न विचारले की काय होतं ते मला ठाऊक आहे. मी विचारलेत. आधी शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, "तुमचा दादांवर विश्वास नाही का?" अहो, आहे ना! विश्वास दादांवर आहे म्हणून तर त्यांच्या हयातीत लिहून घ्या म्हणतोय. दादा स्वतः सही करतील तेव्हा कुणी हरकत घेणार नाही. दादा गेल्यावर तीच सही मिळवायला कोर्टात जावं लागतं, आणि तोवर मांडववाल्याने दुसरीकडचं काम धरलेलं असतं.

मेनोत्तीला हे १९६० साली कुणी सांगितलं असतं तर? महोत्सव ऐन भरात, माणूस पन्नाशीच्या आत, गावात त्याचा शब्द झेलणारे शेकडो. एका दुपारी नगरपालिकेत बसून चार पानांचा करार झाला असता: नाव गावाचं, संचालकाची मुदत इतकी वर्षं, निवड अशी, हिशेब असा. मला वाटतं त्याने हसत सही केली असती. पन्नासाव्या वर्षी भांडण झालं नसतं. त्या चार पानांची किंमत एका ऑपेराच्या एका पडद्याएवढीही नव्हती.

तेव्हा ती व्हायरल पोस्ट पुढे पाठवायची तर जरूर पाठवा. फोटो सुंदरच आहेत. फक्त खाली एवढं जोडा, की या गावात एका मोठ्या माणसाने मोठं काम केलं, ते जवळजवळ त्याच्या घरातच अडकलं होतं, आणि गावाने ते भांडून परत मिळवलं. आणि आपल्या गावच्या महोत्सवाच्या पुढच्या बैठकीला जाताना ट्रस्टच्या घटनेची झेरॉक्स घेऊन जा. मागितल्यावर ती मिळाली नाही, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.